ढोबळी मिरचीला हवी गार रात्र

लालबागच्या मिरची गल्लीत एप्रिल-मेमध्ये पाऊल टाकलं की शिंका सुरू होतात. बेडगी, संकेश्वरी, पांडी यांच्या राशी आणि मागे डंकाची धडधड. तिथून हाकेच्या अंतरावर, आमच्या चाळीच्या गच्चीवर, याच तिखट खानदानातली सर्वांत शांत लेक वाढते: ढोबळी मिरची. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तीही बेडगीसारखी कॅप्सिकम ॲन्युअमच. पण तिच्यात कॅप्सेसिन तयार होत नाही. त्यामुळे तिखटपणा मोजणाऱ्या स्कोव्हिल पट्टीवर तिचा आकडा शून्य.

गच्चीवर भाजी पिकवणं मुंबईला नवं नाही. वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं, ओला कचरा आणि अगदी थोडी माती यांवर ते करून दाखवलं. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तिथलीच सालं-देठं जिरवून, बाग फुलवली. आमच्या कुंड्याही त्याच रीतीने भरल्या आहेत: तळाशी नारळाची सोडणं, वर रसवंतीवरून आणलेली चिपाडं, सुका पाला आणि घरचं कंपोस्ट. माती कमी म्हणून वजन कमी. जुन्या इमारतीच्या गच्चीला तेच मानवतं.

ढोबळीचं खरं दुखणं ऊन नव्हे, रात्र.

दिवसा 20 ते 25 आणि रात्री 16 ते 18 अंश सेल्सिअस हवा असली की तिचं फळ छान धरतं. दिवसाचा पारा 32च्या वर गेला आणि रात्रही उकाड्याची असली, तर फुलं येतात आणि गळून पडतात. मुंबईत ऑक्टोबरच्या रात्रीही घाम फुटतो. म्हणून गच्चीचं वेळापत्रक सणांवर बसवलं आहे. गणपतीत ‘कॅलिफोर्निया वंडर’चं बी ट्रेमध्ये पडतं. पाच-सहा आठवड्यांची रोपं दसरा-दिवाळीच्या सुमारास बारा इंची कुंडीत जातात. डिसेंबरचा गारवा येतो तेव्हा झाड फुलावर असतं. फूल स्वतःच्याच परागावर फळतं, मधमाशी नसली तरी अडत नाही. सकाळी खोडाला हलकी टिचकी पुरते.

पाण्याची वेळ मात्र चुकवायची नाही. कुंडी एक दिवस कोरडी, दुसऱ्या दिवशी तुडुंब असं झालं, की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही आणि बूड काळं पडतं. पानं आखडायला लागली तर तळमजल्यावरच्या काकूंचा सल्ला ठरलेला: “बोकड्या आलाय गं. औषध नंतर मार, आधी पानं उलटून बघ.” पानामागे फुलकिडे किंवा कोळी सापडतातच. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, ऊन उतरल्यावर फवारायचा.

बाजारातली लाल ढोबळी ही बहुधा वेगळी जात समजली जाते. प्रत्यक्षात हिरवं फळ आणखी तीन-चार आठवडे झाडावर राहिलं, की रंग बदलतं आणि त्यातलं क जीवनसत्त्वही वाढतं. हंगेरीतल्या सेगेड शहरात 1930च्या दशकात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळं केलं ते तिथल्या लाल पाप्रिकातूनच. 1937मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मात्र पिकणारी फळं झाड अडवून धरतात, पुढचा बहर मंदावतो. म्हणून पहिली फळं हिरवीच उतरवून पीठ पेरलेल्या भाजीत जातात आणि शेवटची दोन-तीनच लाल होऊ दिली जातात.

लावायचा विचार असेल तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत हिवाळ्याच्या अखेरीस भरणारं महापालिकेचं फुला-भाज्यांचं प्रदर्शन आधी बघून या; कुंडीतली भाजी किती लगडू शकते ते तिथे दिसतं. आणि होळीनंतर ढोबळीच्या मागे लागू नका. झाड काढा, त्याच कुंडीत ताजं कंपोस्ट घाला आणि भेंडी लावा.