तुर्तुकमधले चार दिवस

अम्मींना गाडी लागते. चिपळूणहून कऱ्हाडला जायचं म्हटलं तरी कुंभार्ली घाट सुरू होण्याआधीच त्यांच्या मुठीत लिंबू आणि तोंडात ओवा असतो. म्हणून लेहमध्ये गाडीत बसण्याआधी त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "बेटा, वाटेत घाट किती आहेत?" तो हसून म्हणाला, "अम्मीजान, एकच आहे. इथून सुरू होतो आणि तुर्तुकला संपतो."

आम्ही पाचजण होतो. मी, हे, माझ्या सासूबाई म्हणजे अम्मी, नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. जुलै महिना, म्हणजे कोकणात लावणीचे दिवस आणि शाळा सुरू झालेली. एरवी अशा वेळी कुणी घराबाहेर पडत नाही. पण त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात एक भिंत उभी राहिली होती. सासऱ्यांच्या मागे घराची वाटणी झाली, तोवर सगळं ठीक होतं. पुढे हद्दीवरचा फणस कुणाचा आणि विहिरीवर मोटार कुणी किती वेळ लावायची यावरून यांची आणि मोठ्या दिरांची बोलाचाली झाली, ती वाढत जाऊन सलाम-दुआही बंद झाली. भिंत पडवीपासून थेट विहिरीपर्यंत गेली. अम्मी दिवसभर ओटीवर बसून त्या भिंतीकडे बघत राहायच्या. त्यांचं मन थोडं रमावं म्हणून यांनी या प्रवासाचा घाट घातला.

लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. तिथे दोन दिवस नुसतं बसून राहावं लागतं. जिना चढला तरी धाप लागते. तिसऱ्या दिवशी खारदुंग ला ही खिंड ओलांडली. ती साडेसतरा हजार फुटांच्या आसपास आहे. वर बर्फ बघून पोरं नाचायला निघाली आणि दहा पावलांत मटकन खाली बसली. अम्मी मात्र गाडीतच डोळे मिटून, ओठ हलवत बसल्या होत्या. पलीकडे उतरल्यावर म्हणाल्या, "आयतल कुर्सी किती वेळा झाली ते मोजलंच नाही." एक मुक्काम नुब्रा खोऱ्यात केला. तिथल्या वाळूत दोन वशिंडांचे उंट बघितले आणि दुसऱ्या दिवशी श्योक नदीच्या काठाकाठाने पुढे निघालो. दोन्ही बाजूंना उघडेबोडके, राखाडी डोंगर. झाड म्हणून दिसत नाही. आणि मग एका वळणानंतर एकदम हिरवंगार गाव. तेच तुर्तुक. लेहपासून सुमारे दोनशे किलोमीटर.

या गावाची कहाणी साऱ्या देशात वेगळी आहे. हा भाग बाल्टिस्तानचा. इथले लोक बाल्टी बोलतात आणि सगळे मुसलमान आहेत. फाळणीनंतरच्या लढाईत हा मुलूख पाकिस्तानच्या ताब्यात गेला. डिसेंबर 1971 च्या युद्धात लडाखचे मेजर चेवांग रिंचेन यांच्या तुकडीने तो जिंकला आणि तुर्तुक, त्याक्षी, चालुंका आणि थांग ही चार गावं भारतात आली. लोक रात्री एका देशात झोपले आणि सकाळी दुसऱ्या देशात उठले. जे त्या दिवशी शिकायला, नोकरीला, व्यापाराला स्कर्दू किंवा कराचीला गेलेले होते, ते तिकडेच राहिले. बाहेरच्या प्रवाशांना इथे येण्याची परवानगी 2010 मध्ये मिळाली.

हे सगळं आम्ही वाचून गेलो होतो. पण गावात शिरल्यावर आधी नजरेत भरले ते जर्दाळू. आपल्याकडे ईदच्या शीरखुर्म्याआधी दुकानातून पाव किलो आणतो, तेच. इथे ते झाडावर लटकत होते, वाटेवर पडले होते, गाई खात होत्या आणि प्रत्येक धाब्याच्या छपरावर वाळत घातलेले होते. बाल्टीत त्याला 'चुली' म्हणतात. गाव एका ओढ्याने दोन भागांत विभागलंय, मध्ये लाकडी साकव. साकव पार करताना अम्मींनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "हे तर आपल्याच गावासारखं आहे गं. फक्त डोंगरावर कुणी झाडं लावायला विसरलंय."

आम्ही एका घरात पाहुणे म्हणून उतरलो होतो. घरमालक, त्यांची बायको, तीन मुलं आणि घरमालकांची आई. आजीला तिथे 'आपी' म्हणतात. आम्हीही तिला आपीच म्हणू लागलो. वय सत्तरीच्या आतबाहेर, पाठ थोडी वाकलेली, पण शिडी चढण्यात पोरांना हरवणारी. पहिल्या संध्याकाळी दस्तरखानावर किसिर आलं. कुट्टूच्या पिठाची जाडसर पोळी, अगदी आपल्या घावनासारखी, आणि सोबत दह्यातली हिरवी चटणी. मुलीने चार खाल्ल्या. अम्मींनी भाभींना विचारलं, "पीठ आंबवता का?" भाभींना मराठी कळेना आणि अम्मींना बाल्टी. तरी दोघींनी हातवाऱ्यांनी आणि मोडक्या उर्दूत अर्धा तास घावनावर चर्चा केली.

दुसऱ्या दिवशी आपीने आम्हाला 'नांगचुंग' दाखवलं. घराखाली दगडांनी बांधलेली खोली. दगडांच्या फटींतून थंडगार वारा आत येतो आणि उन्हाळ्यातही लोणी-दूध टिकतं. विजेचं बिल नाही. माझा मुलगा आत गेला आणि बाहेर यायलाच तयार होईना. म्हणाला, "अम्मी, आपल्या विहिरीजवळ असं बांधूया." कुणीच काही बोललं नाही. विहिरीचं नाव निघालं की आमच्याकडे असंच होतं.

त्याच दिवशी असरनंतर पहिली फजिती झाली. अम्मी आपीबरोबर छपरावर जर्दाळू उलटवत बसल्या होत्या. आमसूल आणि आंब्याची साठं घालण्यात आयुष्य गेलेल्या बाईला तेवढंच निमित्त पुरे. तेवढ्यात ढग आले. इथे पाऊस फार कमी पडतो, पण वाळत घातलेल्या फळांवर चार थेंब पडले तरी ती काळी पडतात. आपीने एक हाक मारली मात्र, आणि गल्लीतल्या सगळ्या घरांतून बायका-पोरं धावत सुटली. मला वाटलं, जो तो आपापल्या छपरावर जाणार. पण नाही. जे छप्पर जवळ, त्यावर जो तो चढला. आमच्याकडे पाचजणी आल्या, टोपल्या भरल्या, चादरी टाकल्या आणि सगळ्या मिळून पुढच्या घराकडे पळाल्या. त्या गडबडीत कुणीतरी शिडीही उचलून नेली. पाऊस पाच मिनिटांत थांबला आणि अम्मी एकट्या छपरावर, डोक्यावर रिकामी टोपली घेऊन उभ्या! खालून पोरं हसतायत, वरून अम्मी ओरडतायत, "अरे, मलापण वाळत घातलंय का?" भिंत उभी राहिल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना इतकं मोकळं हसताना बघितलं.

दुसरी गोष्ट एवढी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

तुर्तुकला शेती पाटाच्या पाण्यावर होते. वरच्या ओढ्यातून पाट काढलेत आणि प्रत्येक घराची पाण्याची पाळी ठरलेली. जवाचं पीक निघालं की त्याच शेतात लगेच कुट्टू पेरतात. हिवाळा लवकर येतो, त्यामुळे एकेक दिवस मोलाचा. त्या संध्याकाळी आमच्या यजमानांची पाळी होती. दुपारी माझा मुलगा घरातल्या पोरांबरोबर पाटात अक्रोडाच्या टरफलांच्या होड्या सोडत होता. खेळता खेळता या शहाण्याने दगड-माती रचून चांगलं भक्कम 'धरण' बांधलं आणि जेवायची हाक आल्यावर तसंच सोडून आला. रात्रभर पाणी यजमानांच्या शेताऐवजी खालच्या शेजाऱ्याच्या शेतात गेलं.

फजरच्या वेळी शेजारी दारात उभा राहिला. मी मनात म्हटलं, संपलं. आता भांडण होणार आणि कारण आमचं पोरगं. माझ्या डोळ्यांसमोर आमचं अंगण आलं. विहिरीवरची मोटार अर्धा तास जास्त चालली म्हणून दोन सख्ख्या भावांनी एकमेकांना काय काय सुनावलं होतं, ते शब्द आठवले. शेजारी सलाम करून म्हणाला, "रात्री तुमचं पाणी माझ्या शेतात आलं. परवा माझी पाळी आहे, ती तुम्ही घ्या." यजमान म्हणाले, "अर्धी घेतो. तुमच्या वरच्या तुकड्याला अजून पाणी लागेल." एवढंच बोलणं झालं. मग दोघे मिळून नमाजला गेले.

यांनी मुलाला उठवून माफी मागायला नेलं. तो मान खाली घालून उभा. शेजाऱ्याने त्याचा कान हलकेच धरला आणि दुसऱ्या हाताने खिशातून मूठभर अक्रोड काढून दिले. "धरण चांगलं बांधलंस, इंजिनिअर. पुढच्या वेळी विचारून बांध."

नंतर यांनी यजमानांना विचारलं, "इथे पाण्यावरून भांडणं होत नाहीत का?" ते हसले. "होतात की! मागच्याच वर्षी दोन घरांत फावडी निघाली होती. पण पाणी एकाच ओढ्याचं आहे आणि संध्याकाळी मशिदीत एकाच सफीत उभं राहायचं असतं. रुसून जाणार कुठे? पुढे सरहद्द, मागे डोंगर."

हे गप्प झाले. त्या दिवशी ते फारसे बोललेच नाहीत.

शेवटच्या दिवशी आम्ही थांगला गेलो. भारताच्या हद्दीतलं हे शेवटचं गाव. तिथून समोर, नियंत्रण रेषेपलीकडे, पाकिस्तानातलं फरानू गाव दिसतं. तशीच छपरं, तशीच हिरवी शेतं, तीच नदी. आपी आमच्याबरोबर आली होती. ती एका दगडावर बसली आणि तिने अम्मींना आपली गोष्ट सांगितली. 1971 मध्ये ती बारा-तेरा वर्षांची होती. तिचा मोठा भाऊ स्कर्दूला शिकायला गेला होता. थंडी संपली की परत येणार होता. जाताना तिच्याशी भांडून गेला होता, कारण तिने त्याची लोकरी टोपी ओढ्यात पाडली होती. नवी विणून ठेवायची असं तिने ठरवलं आणि विणलीही.

भाऊ परत आलाच नाही. कित्येक वर्षं फक्त कधीतरी पत्र यायचं, तेही फिरून फिरून. स्कर्दू इथून काही तासांच्या अंतरावर, पण जायचं तर दिल्ली, वाघा, लाहोर असा हजारो किलोमीटरचा फेरा, आणि त्याआधी व्हिसा. ना पैसे जुळले, ना कागद. गावात इंटरनेट आल्यावर फोनवर चेहरा दिसू लागला. "पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ओळखलंच नाही," आपी म्हणाली. "मी माझ्या मोठ्या भावाची वाट बघत होते, आणि फोनवर आमच्या आजोबांसारखा कुणीतरी म्हातारा रडत होता." दोन वर्षांपूर्वी तो वारला. खबर फोनवरच आली. जनाजाला जाता आलं नाही. टोपी अजून पेटीत आहे.

अम्मींनी तिचा हात हातात घेतला. दोघी बराच वेळ समोरच्या गावाकडे बघत बसल्या. मग अम्मी, कुणाकडेही न बघता, मराठीत म्हणाल्या, "हिच्या भावाला यायचं होतं, त्याला येऊ दिलं नाही. माझी दोन्ही लेकरं हाकेच्या अंतरावर आहेत."

हे उठून नदीच्या बाजूला चालत गेले. मुलगा मागे जायला निघाला, मी त्याला थांबवलं.

निघताना आपीने आम्हाला वाळलेले जर्दाळू आणि त्यांच्या गोड बिया बांधून दिल्या. अम्मींनी पिशवी उघडली, दुसरी पिशवी मागून घेतली आणि मोजून दोन सारखे वाटे केले. भाभींनी विचारलं, "दुसरा कुणासाठी?" अम्मी म्हणाल्या, "माझ्या मोठ्या मुलासाठी." यांनी ते ऐकलं.

लेहला पोचल्यावर रात्री यांनी मोठ्या दिरांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावायला यांचं बोट धजेना. मी काहीच म्हटलं नाही.

घरी आलो तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता. सामान ओटीवर टाकून हे तसेच छत्री न घेता जर्दाळूंची पिशवी शर्टाखाली धरून भिंतीला वळसा घालून गेले. बराच वेळ परत आले नाहीत. अम्मी ओटीवर बसून होत्या, ओठ हलत होते. तासाभराने हे ओलेचिंब परत आले. हातात जाऊबाईंनी दिलेलं फणसाच्या तळलेल्या गऱ्यांचं ताट होतं, त्याच भांडणातल्या फणसाचं. "काय म्हणाले?" मी विचारलं. "काही नाही. आधी म्हणाले, फोन चार्जिंगला होता," हे म्हणाले आणि टॉवेलने तोंड पुसू लागले. मग टॉवेलच्या आडूनच म्हणाले, "मोटारीच्या वेळा उद्या बसून ठरवू म्हणाले."

भिंत अजून आहे. पाडायची कुणी गोष्ट काढलेली नाही. पण विहिरीच्या बाजूच्या चार चिऱ्यांची ओळ काढून तिथून ये-जा करता येईल एवढी वाट केली आहे. अम्मी तिथूनच जातात, दिवसातून दोन-तीनदा, आणि प्रत्येक वेळी हातात काहीतरी झाकलेलं असतं.