आदल्या दिवशीचे घर

जीर्णोद्धार हा शब्द देवळाच्या सावलीत वाढलेल्या आम्हांला परका नाही. त्याचा अर्थ आपण जाणतो, अशी आमची कित्येक वर्षे समजूत होती. इंग्लंडातील एका जुन्या घराची हकीकत वाचनात आली आणि ती समजूत डळमळली.

वेस्ट ससेक्स परगण्यात टेकडीच्या माथ्यावर अपपार्क नावाची हवेली आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस ती बांधली गेली. १७४७ साली फेदरस्टनहॉ घराण्याने भोवतालच्या जमिनीसह विकत घेतली. या घराण्यातील सर हॅरी यांनी १८२५ साली, सत्तरीच्या घरात असताना, आपल्याच दूधघरात काम करणाऱ्या मेरी अ‍ॅनशी विवाह केला. पतीच्या पश्चात तिने, आणि तिच्यामागून तिच्या बहिणीने, घर होते तसेच सांभाळले. पुढे १९३० नंतरच्या दशकात तेथील मालकीणबाईंनी जीर्ण रेशमी पडदे एका फेसाळ वनस्पतीच्या पाण्याने धुऊन वाचविले. आमच्या आजीच्या हातचा रिठाच म्हणा ना! १९५४ साली हवेली नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन झाली.

३० ऑगस्ट १९८९ रोजी, छपराची दुरुस्ती संपत आली असताना, शिशाचे पत्रे जोडणाऱ्या ज्योतीने घराला आग लागली. वरचे मजले कोसळले. ट्रस्टच्या नोकरांनी, घरच्या मंडळींनी आणि आलेल्या-गेलेल्यांनी मिळून तळमजल्यावरील बहुतेक चित्रे व सामान बाहेर काढले. पुढे काय करावे, याविषयी वाद झाले. अखेर जीर्णोद्धार ठरला. त्यात विम्याचा हिशेबही होता. पूर्ण भरपाईपेक्षा दुरुस्तीच कमी खर्चाची होती. आम्हां वकिलांना हे वाचून बरे वाटते; कलमेही कधी पुण्य करतात.

मात्र ठराव झाला तो विलक्षण: घर नवे दिसावे असा नव्हे, तर आगीच्या आदल्या दिवशी होते तसे व्हावे. राडारोडा चाळून तुकडा न् तुकडा वेचला गेला. झुंबरे पुन्हा जुळविली. छतावरील चुन्याचे नक्षीकाम हाताने घडविण्याची विसरलेली विद्या कारागीर नव्याने शिकले. भिंतीवरच्या नव्या कागदाचा रंगदेखील जुन्याच्या विटकेपणाशी जुळविला. १९९५ साली दारे पुन्हा उघडली.

हे वाचताना आम्हांला आमचे ग्रामदैवत आठवले. त्याच्या सभामंडपाच्या भिंतींवर कावी चित्रे होती. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर काव माखून, ती रेषारेषांनी खरवडून काढलेली. तेथे आग लागली नाही. महाजनांची सभा भरली, ठराव झाला, आणि भिंती खरवडून गुळगुळीत लाद्या बसल्या. त्या ठरावाचा मसुदा आमच्या हातचा. भाषा निर्दोष होती. चित्रांचे एक छायाचित्रही आम्ही घेऊन ठेवले नाही. तेथे आगीत पडलेले वेचले गेले. येथे धडधाकट होते ते आम्ही स्वाक्षरीने घालविले.

भांडाराच्या खोलीमागे हातभर कावी अद्याप शिल्लक आहे. एक मोर आणि वेलीचे टोक. यंदाच्या सभेत तेथेही लाद्या बसविण्याचा विषय निघणार आहे. या खेपेस मसुदा आम्ही लिहिणार नाही. उभे राहून विरोध करणार आहोत. आणि सभेपूर्वी त्या मोराचे माप व छायाचित्र घेऊन ठेवणार आहोत.