पावणेसात फुटांतला उजेड

घरात दिव्यांवर लेट्यूस वाढवतेय म्हटलं की समोरचा माणूस पहिल्यांदा वॅट विचारतो. मला सुरुवातीला अडवलं ते इंचांनी. कोथरूडच्या आमच्या घराखाली एक खोली आहे, दहा बाय आठची. जमिनीपासून स्लॅबपर्यंत पावणेसात फूट, म्हणजे ८१ इंच, आणि मधून गेलेल्या बीमखाली जेमतेम सव्वासहा फूट. उंच माणसाला तिथे मान वाकवून वावरावं लागतं. पण खोली अर्धी जमिनीत असल्यामुळे एप्रिलमध्येही गार राहते, आणि मला हवा होता तो नेमका हा गारवा. पुण्याच्या उन्हाळ्यात गच्चीवरचं लेट्यूस बघता बघता तुऱ्यावर येतं, पानं कडू होतात. पावसाळ्यात तेच बुडाशी कुजतं. कॅफेवाल्यांना मात्र ते बारा महिने लागतं.

दिवे आणण्याआधी मी ८१ इंचांची वाटणी कागदावर मांडली. तळाशी आठ इंच निचऱ्याच्या पाइपला आणि झाडू फिरायला. मग एका कप्प्याचा हिशेब: ट्रे पाच इंच, पूर्ण वाढलेलं रोप दहा इंच, पानापासून दिव्यापर्यंत आठ इंच, दिवा आणि त्याची पट्टी तीन इंच. झाले सव्वीस. असे दोन कप्पे बसले की साठ इंच संपतात. तिसरा तसाच घातला तर पाच इंच स्लॅबच्या वर जातो! म्हणून तिसरा कप्पा मायक्रोग्रीन्सचा केला. मोहरी, मुळा, मेथी. त्यांचा ट्रे दोन इंचांचा, वाढ चार इंचांची, वर सहा इंच मोकळे आणि तीन इंच दिवा, एकूण पंधरा. वर सहा इंच उरले, ते गरम हवेला सोडले. कमी उंचीच्या खोलीत पीक आणि दिवा एकत्रच निवडावे लागतात, हे मला त्या कागदावर पटलं. कुठल्या मजल्यावर काय, हेही तिथेच ठरलं. गरम हवा वर साठते, म्हणून लेट्यूस सगळ्यात खाली आणि उबेत खुलणारं बेझिल त्याच्या वर.

वायरमनकाका आले. त्यांनी रॅक पाहिलं, चार फूट लांब, दोन फूट रुंद, आणि म्हणाले, "ताई, कशाला एवढा पसारा? कप्प्याला एक फ्लड मारा मधोमध. काम खल्लास."

"काका, मारून बघू या. मीटर आहे माझ्याकडे."

पन्नास वॅटचा फ्लडलाइट वरच्या फळीच्या मधोमध बांधला. पानांची उंची धरून, दिव्याखाली आठ इंचांवर पुठ्ठा आडवा ठेवला आणि त्यावर लक्समीटर सरकवत नेला. मधोमध ३८ हजार लक्स. आठ इंच बाजूला सरकवला, नऊ-साडेनऊ हजार. फूटभर सरकवला, चार हजारांच्याही खाली. कोपऱ्यात तर आकडा शेकड्यांत आला. काकांनी स्वतः मीटर हातात घेऊन पुन्हा फिरवला, मग चष्मा कपाळावर नेऊन पुठ्ठ्याकडे बघत राहिले.

यामागचं गणित मला फार सुंदर वाटतं. दिवा पानापासून जितका उंच, तितकंच अंतर बाजूला सरकलं की एका सपाट दिव्याचा उजेड एकचतुर्थांशावर येतो. एक तर अंतर वाढतं, शिवाय दिव्यातून तिरका निघणारा उजेड कमी असतो, आणि पानावर तिरका पडल्यामुळे तो आणखी पसरतो. तोच दिवा दोन फूट उंच टांगला तर आठ इंच बाजूलाही मधल्याच्या ८० टक्के उजेड मिळतो. उंच छताच्या ग्रीनहाउसमध्ये मोठे दिवे वरून लावतात ते म्हणूनच. तिथे उंची स्वतःच उजेड सारखा करून देते. आमच्याकडे उंची नाही, तर तो सारखेपणा दिव्यांच्या संख्येतून आणायचा. एक जोरकस दिवा नको, मंद दिवे भरपूर हवेत, आणि दोन दिव्यांतलं अंतर दिव्यापासून पानापर्यंतच्या अंतराहून कमी हवं.

मग प्रत्येक मोठ्या कप्प्याला वीस वॅटच्या सहा पांढऱ्या एलईडी ट्यूब लावल्या. सारख्या अंतरावर लावल्या तर कडा फिक्या पडतात, कारण मधल्या पानांना दोन्हीकडून उजेड मिळतो आणि कडेच्यांना एकाच बाजूने. म्हणून कडेकडच्या ट्यूब तीन-तीन इंचांवर घेतल्या, मधल्या पाच इंचांवर. रॅकच्या तिन्ही बाजूंना जुन्या फ्लेक्सची पांढरी बाजू आत करून लावली. भिंतींना चुना दिला, तो उजेड चांगला परतवतो आणि बुरशीलाही आवडत नाही. चांदीचा कागद लावायला अनेकांनी सुचवलं, पण सुरकुतलेला चंदेरी कागद साध्या पांढऱ्यापेक्षा फार काही जास्त देत नाही. पुन्हा मीटर फिरवला तेव्हा मध्यावर १४ हजार लक्स आले आणि कडेला साडेअकरा.

लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. पान प्रकाशाचे कण मोजतं, आणि ते मायक्रोमोलमध्ये सांगतात. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लक्सला साधारण सत्तरने भागलं की दर चौरस मीटरला दर सेकंदाचे मायक्रोमोल निघतात. म्हणजे आमच्या मध्यावर २००. सोळा तास दिवे ठेवले तर दिवसाकाठी साडेअकरा मोल. कॉर्नेल विद्यापीठाची लेट्यूसवरची पुस्तिका १७ मोलांचं लक्ष्य सांगते, पण त्याबरोबर पानांवर वारा खेळता ठेवायलाही बजावते. नाहीतर आतल्या कोवळ्या पानांपर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि त्यांच्या कडा करपतात. आम्ही साडेअकरावरच थांबलो. गड्डा थोडा उशिरा भरतो, पण पान स्वच्छ निघतं. आणि वारा? खालच्या खोलीत सीलिंग फॅन लावणं म्हणजे डोक्याशी खेळ. भिंतीवरचा छोटा पंखा रॅकच्या लांबीच्या दिशेने लावला आहे, पानं जेमतेम हलतील इतक्याच वेगावर.

जांभळे दिवे का नाही घेतले, असं बघायला येणारे आवर्जून विचारतात. त्या दिव्यांत लाल आणि निळ्यावर भर असतो, क्लोरोफिल हे रंग जास्त शोषतं म्हणून. पण मॅक्री या शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये निरनिराळ्या पिकांच्या पानांवर मोजमापं प्रसिद्ध केली, त्यात हिरवा उजेडही प्रकाशसंश्लेषणाला चांगलाच कामी येतो असं दिसलं. आणि आजचा पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, वर फॉस्फरचा थर देऊन पांढरा केलेला. त्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. माझ्यासाठी निर्णायक गोष्ट मात्र वेगळी होती. जांभळ्या उजेडात हिरवं पान काळपट दिसतं, पिवळेपणा नीट कळत नाही, मावा दिसतच नाही. शिवाय त्या उजेडात लक्समीटरही फसतो. जिथे वाकून काम करायचं, तिथे निदान पान तरी त्याच्या खऱ्या रंगात दिसावं.

तिन्ही कप्पे मिळून ३०० वॅट, म्हणजे सोळा तासांत सुमारे पावणेपाच युनिट. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते, आणि बुटक्या खोलीत तिला वर पळायला जागा नसते. म्हणून आमच्या झाडांचा दिवस संध्याकाळी सहाला उगवतो आणि सकाळी दहाला मावळतो. दुपारी बाहेर रणरणत असतं तेव्हा आत अंधार आणि शांतता. टायमर बॅटरीवाला घेतला आहे. आमच्या भागात वीज जाते-येते, आणि साधा काट्याचा टायमर प्रत्येक वेळी मागे पडतो. काही महिन्यांत झाडांची रात्रच सरकून जाते.

वायरिंगबाबत मी काकांना एकच म्हटलं होतं: पाणी आणि वीज एकाच रॅकवर आहेत, खर्चाकडे बघू नका. त्यांनी पाणी न शिरणाऱ्या ट्यूब निवडल्या, अर्थिंग तपासलं, गळती होताच वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला आणि प्रत्येक वायर सॉकेटमध्ये शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घेतली. वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, सॉकेटपर्यंत पोचत नाही. ट्यूब वरच्या फळीला ॲल्युमिनिअमच्या पट्टीत पक्क्या बसवल्या, कारण साखळ्या आणि दोऱ्यांत तीन-चार इंच सहज जातात. दिवा हलत नाही, म्हणून रोप हलवायचं. कोवळ्या रोपांच्या ट्रेखाली लाकडी पाट ठेवून त्यांना उजेडाजवळ उचलते आणि ती वाढतील तसे पाट काढून घेते. बेझिल दहा इंचांवर आलं की शेंडा खुडते. खुडलेल्या जागी दोन फुटवे येतात, झाड आडवं भरतं, आणि कॅफेला द्यायचा माल तोच असतो.

शेजारच्या भाऊंनी परवा चेरी टोमॅटोचं विचारलं, खाली एका कोपऱ्यात दोनच झाडं. मी नको म्हटलं. टोमॅटोला लेट्यूसच्या जवळजवळ दुप्पट उजेड लागतो आणि वेल माणसाइतकी उंच जाते. ती त्यांनी गच्चीवर लावावी, तिथे भर दुपारी लाखभर लक्स असतात. रोपं मी देते म्हटलं, खालच्या कप्प्यात तीन आठवडे वाढवून.