रिमोट आपल्या हाती असतो

सत्तावीस वर्षांच्या वैद्यकीय व्यवसायात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांविषयी मी नातेवाइकांना पुष्कळ सल्ले दिले. त्यांपैकी एक सल्ला चुकीचा होता, हे मला एका चित्रपटाने शिकवले. तेही स्वतःच्या घरात, रात्री साडेदहा वाजता, शेजारच्या खोलीत माझे वडील झोपलेले असताना.

अण्णा भूमापक होते. तालुक्यातील कितीतरी शेतांच्या हद्दी त्यांनी मोजून दिल्या. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले आणि हळूहळू आमच्याच घरात वाट चुकू लागले. बँकेचे पासबुक सांभाळणाऱ्या बाईंनी चोरले, असा आरोप रोज होई. मी रोज गादीखालून ते काढून त्यांच्यासमोर धरी. "हे बघा, इथंच होतं. कुणी चोरलं नाही." आई कुठे गेली असे त्यांनी विचारले की मी कॅलेंडर दाखवी. "अण्णा, आईला जाऊन दोन वर्षं झाली." ते गप्प होत, डोळे भरून येत आणि तासाभराने तोच प्रश्न पुन्हा येई. वस्तुस्थितीची आठवण करून देत राहा, असे मी इतरांनाही सांगत असे.

माझ्या मुलीच्या आग्रहावरून मी 'द फादर' हा २०२० सालचा इंग्रजी चित्रपट पाहायला बसले. फ्रेंच नाटककार फ्लोरियन झेलर यांनी आपल्याच नाटकावरून तो केला आहे. लंडनमधील एका सदनिकेत राहणाऱ्या, स्मृती हरवत चाललेल्या वृद्धाची ही कथा. त्या भूमिकेसाठी अँथनी हॉपकिन्स यांना २०२१ मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी ऑस्कर मिळाले. मी कौटुंबिक चित्रपटाची अपेक्षा केली होती. पाहिला तो मात्र मानसशास्त्रीय थरारपट.

असे थरारपट आपल्याला अस्वस्थ कसे करतात, याचा थोडा विचार करू. हिचकॉक यांच्या १९६०च्या 'सायको'मधील स्नानगृहाचे दृश्य आठवा. चाकू शरीरात शिरताना जवळपास दिसतच नाही. दिसतात ते क्षणाक्षणाला बदलणारे तुकडे आणि कानावर आदळतात ती व्हायोलिनची किंचाळणारी सुरावट. उरलेले आपले मन स्वतःच रचते. त्यांच्याच १९५८च्या 'व्हर्टिगो'मध्ये नायक जिन्यावरून खाली पाहतो तेव्हा कॅमेऱ्याची हालचाल आणि भिंगाचे झूम परस्परविरुद्ध दिशांना होते. स्थिर जिना ताणल्यासारखा भासतो आणि आपल्याच पायांखालची जमीन सरकते. मन ज्यांच्या आधारावर निर्धास्त असते, ते स्थळ, काळ, चेहरे आणि आवाज दिग्दर्शक एकेक करून काढून घेतो.

'द फादर'मध्ये ना चाकू आहे, ना खुनी. पण आधार काढून घेण्याचे काम तिथेही होते. घर तेच वाटते, पण भिंतींचे रंग आणि सामान नकळत बदललेले असते. भिंतीवरचे चित्र नाहीसे होते. जेवणाच्या प्रसंगात कानावर पडलेले संभाषण प्रसंगाच्या शेवटी पुन्हा जसेच्या तसे ऐकू येते, जणू वेळच गोल फिरली. आणि एकदा बाहेर गेलेली मुलगी घरी परतते ती वेगळ्याच चेहऱ्याने, कारण त्या प्रसंगी दुसरी अभिनेत्री येते.

त्या क्षणी मी चिडले. मधला काही भाग पाहायचा राहिला असे वाटून मी रिमोटने चित्रपट मागे नेला. एकदा, मग पुन्हा एकदा. राहिले काहीच नव्हते. दिग्दर्शकाने मला मुद्दाम त्या वृद्धाच्या जागी बसवले होते.

रिमोट हातात धरून मी बराच वेळ बसून राहिले. जे समजले नाही ते पुन्हा पाहावे म्हणून मी मागे गेले होते. अण्णाही तोच प्रश्न पुन्हा विचारतात, ते याच कारणाने. त्या चित्रपटातला वृद्धही आपले मनगटी घड्याळ सांभाळणाऱ्या बाईने चोरले म्हणतो. जे ठेवल्याचे आठवत नाही, ते कोणीतरी नेले असाच निष्कर्ष मन काढते. फरक एवढाच, की मला चित्रपट थांबवता येत होता. अण्णांना येत नव्हता. आणि आई गेल्याची बातमी मी त्यांना महिनोन्‌महिने, दिवसातून दोन-दोनदा, नव्याने देत होते.

वैद्यकीय अंगाने पाहिले तर भीतीच्या प्रसंगी मेंदूतील धोक्याची घंटा आपल्याही बाबतीत वाजते. छाती धडधडते, तळहातांना घाम येतो. पण 'हे खोटे आहे' असे सांगणारा मेंदूचा भाग जागा असतो, म्हणून आपण त्या भीतीची मजाही घेतो. स्मृतिभ्रंशात हा दिलासा देणारा भागच दुबळा होत जातो. घंटा मात्र वाजत राहते.

मग मी घराकडे दिग्दर्शकाच्या नजरेने पाहिले. न्हाणीघर जवळ पडावे म्हणून मी अण्णांचा पलंग हलवला होता. त्यांच्यासाठी ते रात्रीतून बदललेले घर होते. आता पलंग पुन्हा हलवलेला नाही आणि न्हाणीघराच्या दारावर मोठे चित्र लावले आहे. संध्याकाळी सावल्या लांबतात आणि खिडकीच्या काचेत दिसणारे आपलेच प्रतिबिंब परका माणूस वाटू शकते. म्हणून अंधार पडण्याआधीच दिवे लावून पडदे ओढून घेतो. नको त्या वेळी टीव्ही सुरू ठेवत नाही, कारण मालिकांतील भांडणे घरातच चालली आहेत, असे त्यांना वाटे. मागून हाक मारत नाही. समोर जाऊन, त्यांच्या नजरेच्या पातळीवर बसून बोलतो.

आणखी एक विनंती. वृद्धांना भेटायला जाल तेव्हा "मला ओळखलंत का?" असे विचारू नका. ती परीक्षा असते आणि नापास होण्याची लाज त्यांना कळते. "अण्णा, मी तुमची मुलगी, चहा घेऊन आलेय," एवढे पुरते.

आजाराच्या सुरुवातीला सौम्य आठवण करून देणे उपयोगी पडते. पण वाद घालून, पुरावे देऊन कोणाची भीती जात नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' ज्यांनी पाहिला असेल, त्यांना मोहन आगाशे यांनी उभे केलेले, हत्तीमागे निघून गेलेले संस्कृत पंडित आठवतील. माहुताची अशिक्षित बायको त्यांची चूक दुरुस्त करत बसत नाही. ती त्यांना माया देते. हे तिला पदवीवाचून कळले होते.

मात्र एक सावधगिरी हवी. गोंधळ किंवा भास एक-दोन दिवसांत अचानक वाढले, तर 'आजारच तो' म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा किंवा फुफ्फुसांचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, बद्धकोष्ठता, नव्याने सुरू केलेले झोपेचे किंवा सर्दीचे औषध अशी उपचार करता येण्याजोगी कारणे असू शकतात. लगेच डॉक्टरांना दाखवा. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नका.

परवा संध्याकाळी अण्णांनी पुन्हा विचारले, "तुझी आई अजून कशी आली नाही?" मी कॅलेंडरकडे पाहिले नाही. "आईची आठवण येतेय का, अण्णा?" असे विचारून त्यांच्याजवळ बसले. ते म्हणाले, "मोजणीला निघालो की ती भाकरीबरोबर लसणीची चटणी बांधून द्यायची. जास्तच तिखट करायची." मग ते हसले. पासबुक त्या दिवशीही गादीखालीच होते. आम्ही दोघांनी मिळून शोधले आणि ते त्यांनाच आधी सापडले.