मोहरीची उशी

दिवाळीच्या तोंडावर घर आवरायला काढणे हा आमच्या घरातला वार्षिक छळ आहे. छळ अर्थात माझा. सौभाग्यवतींना त्यात विलक्षण उत्साह असतो. यंदा तिने माळ्यावरची आईची ट्रंक खाली उतरवायला लावली. आईला जाऊन दोन वर्षे झाली, पण ती ट्रंक उघडण्याचा धीर मला झाला नव्हता. पेपर तपासायचे आहेत, चर्चासत्राची तयारी आहे, अशी निमित्ते मी पुढे करीत होतो. शेवटी एका रविवारी निमित्ते संपली.

ट्रंकेत सर्वांत वर दवाखान्याचे कागद होते. त्यांच्याखाली वडिलांच्या पेन्शनची पुस्तिका. तिच्याखाली माझ्या लग्नातल्या देण्याघेण्याची यादी, मग माझी प्रगतिपुस्तके, मग आजीचे एक जुनेर. जसजसे खाली जावे तसतसा काळ मागे सरकत होता. अगदी तळाशी, पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तळहाताएवढी एक उशी निघाली. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली ठेवतात ती मोहरीची उशी. बाळाच्या डोक्याला आकार यावा म्हणून पूर्वी घरोघर ती शिवीत. हल्ली तिची जागा कशाने घेतली आहे कोण जाणे.

"तुमचीच असणार," सौ. म्हणाली, "पण डोक्याकडे पाहून वाटत नाही."

मी ती आत्याला दाखवायला नेली. आत्या आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. वय ऐंशीच्या पुढे, पण स्मरण खणखणीत. तिने उशी हातात घेतली, अंगठ्याने आतली मोहरी चाचपली आणि म्हणाली, "ही तुझी नव्हे रे. तुझी मी शिवली होती, निळी. ही तुझ्या ताईची. वहिनीने ती पुन्हा कोणाला दिली नाही."

माझ्याआधी एक मुलगी झाली होती आणि गेली, एवढे मला ठाऊक होते. म्हणजे घरातल्या काही गोष्टी जशा कोणी न सांगता ठाऊक असतात, तसे. आईच्या तोंडून तिच्याविषयी मी एक शब्द कधी ऐकला नव्हता. पंचेचाळीस वर्षांत एकदाही नाही. आत्याने सांगितले ते इतकेच: अकरा महिन्यांची झाली होती, दोन दिवस तापाने फणफणली आणि गेली. एवढ्या लहान जिवाला आपल्याकडे अग्नी देत नाहीत. पुरुषमाणसे नदीकाठी पुरून आली. जागा बायकांना सांगत नाहीत, म्हणून आईला कोणी सांगितली नाही. आईनेही कधी विचारली नाही.

घरी येताना मला आठवण झाली ती गेल्या हिवाळ्यातल्या नेवाशाच्या सहलीची.

एम. ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन मी नेवाशाला गेलो होतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो पैस खांब मराठीच्या विद्यार्थ्याने पाहिलाच पाहिजे, असा माझा आग्रह असतो. बरोबर इतिहास विभागातला एक तरुण सहकारीही होता. खांबापाशी उभा राहून मी माझे नेहमीचे व्याख्यान दिले. माणूस बोलू लागला तेव्हाच तो माणूस झाला, शब्दाआधी मन नाही, वगैरे. मुले माना डोलावीत होती. हा गृहस्थ मात्र गालातल्या गालात हसत होता.

संध्याकाळी प्रवरेच्या काठी त्याने पिशवीतून एक दगड काढून माझ्या हातात दिला. त्यांच्या विभागाच्या कपाटातला तो होता. बदामाच्या आकाराचा, एका टोकाला निमुळता, दोन्ही कडा छिलून धारदार केलेला. हातकुऱ्हाड. माझ्या मुठीत ती अशी बसली की जणू माप घेऊन केली असावी. अशा हातकुऱ्हाडी प्रवरेच्या खोऱ्यात पुष्कळ सापडल्या आहेत. डॉ. सांकलियांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केले, आणि १९६६ पासून पुढची तीनेक वर्षे गुडरून कोर्व्हिनस या जर्मन विदुषीने जवळच्याच चिरकी नाल्याकाठी खणून अश्मयुगीन माणसाचा तळच उजेडात आणला. चेन्नईजवळ अत्तिरमपक्कमला तर अशी हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांइतकी जुनी ठरली आहेत.

"सर," तो म्हणाला, "तुमचं तोंड उघडण्याच्या कितीतरी आधी हात चालू लागले होते."

मग काळोख पडेपर्यंत तो बोलत राहिला. इथिओपियात हदर येथे १९७४ साली सापडलेली 'ल्यूसी' ३२ लाख वर्षांपूर्वी दोन पायांवर चालत होती, तेव्हा तिच्या जातीचा मेंदू आपल्या मेंदूच्या जेमतेम तृतीयांश होता. म्हणजे पाय आधी उभे राहिले, डोके मागाहून वाढले. केनियात लोमेक्वी येथे सापडलेली दगडी हत्यारे ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत. पण ती ओबडधोबड. हातकुऱ्हाडीची गोष्ट निराळी. तिच्या दोन बाजू एकमेकींशी जुळतात. दगडावर पहिला घाव पडण्यापूर्वी तो बदामी आकार कोणाच्या तरी मनात होता. "आमच्या शास्त्रात मन सापडत नाही," तो म्हणाला, "त्याचा जीवाश्म होत नाही. हातांनी काय करून ठेवलं, एवढंच सापडतं. त्यावरून ओळखायचं." मी तेव्हा हे सौजन्याने ऐकून घेतले. साहित्याच्या प्राध्यापकाला दगडाचे कौतुक असून असून किती असणार?

ट्रंक उघडल्यानंतर मात्र मी त्याच्याकडून पुस्तके आणि लेख मागवून घेतले आणि पेपर बाजूला ठेवून वाचू लागलो.

त्यात एका केनियातल्या मुलाची हकीकत होती. किनाऱ्याजवळच्या पांगा या सैदी नावाच्या गुहेत एका लहानशा खड्ड्यात हाडे सापडली. इतकी ठिसूळ की बोट लावताच त्यांची भुकटी व्हावी. म्हणून संशोधकांनी तो मातीचा गोळाच्या गोळा प्लास्टरमध्ये बांधून उचलला, आधी नैरोबीला आणि मग स्पेनमधल्या प्रयोगशाळेत नेला. तिथे मातीतून दोन दात डोकावले तेव्हा कळले की हे माणसाचे मूल आहे. अडीच-तीन वर्षांचे, सुमारे ७८,००० वर्षांपूर्वीचे. २०२१ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. मूल उजव्या कुशीवर होते, गुडघे पोटाशी घेतलेले. हाडांच्या ठेवणीवरून दिसत होते की वरचे अंग कशात तरी घट्ट गुंडाळलेले असावे. आणि डोके? ते ज्या रीतीने कलंडले होते त्यावरून एकच अर्थ निघत होता: डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवलेले होते, ते कुजून गेले आणि डोके खाली आले.

उशी उरली नव्हती. उशीची पोकळी उरली होती.

इथे मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ गच्चीत जाऊन उभा राहिलो.

पण असल्या वेळी माणूस भलते भाबडे होते, हेही त्याच वाचनात मला कळले. इराकच्या कुर्दिस्तानात शनिदरच्या गुहेत राल्फ सोलेकी यांना निअँडरथल माणसांचे सांगाडे सापडले. त्यांतल्या एकाभोवतीच्या मातीत फुलांच्या परागांचे पुंजके होते. झाले! हजारो वर्षांपूर्वी कोणी कोणाला फुले वाहिली, या कल्पनेने सारे जग हेलावले. मीही हेलावलो असतो. पुढे इतरांनी दाखवून दिले की ते पराग बिळे करणाऱ्या उंदरांनी किंवा मातीत घरटी करणाऱ्या मधमाश्यांनीही आणलेले असू शकतील. त्याच गुहेतल्या दुसऱ्या एका सांगाड्याचा मात्र उंदरांशी काही संबंध लावता येत नाही. उजवा हात निकामी, डाव्या डोळ्यापाशी जबर मार. आणि असा हा माणूस त्यानंतर कित्येक वर्षे जगला होता. एकट्याने तो कसा जगला असता? मला फुलांपेक्षा हा पुरावा अधिक पटतो.

मग मीही आईच्या उशीत फुले पाहत नव्हतो ना? ट्रंकेच्या तळाशी एखादी वस्तू वर्षानुवर्षे राहून जाते. विसरूनही राहते. मी उशी पुन्हा हातात घेतली आणि एका कडेचे टाके हलकेच उसवले.

वरचा अभ्रा बदामी रंगाच्या सुती साडीचा होता. ती साडी मला पक्की आठवते. मी दहावीला असताना आईने ती घेतली, आणि विरल्यावर तिची पायपुसणी झाली. त्या अभ्र्याखाली दुसरा अभ्रा होता, बारीक जांभळ्या फुलांचा. ते कापड मी ओळखले नाही. त्याच्याखाली तिसरा, मुळात पांढरा असावा, आता मातकट, बोटाला लागताच फाटणारा. त्यात मोहरी. म्हणजे जुना अभ्रा विरत आला की आईने वर नवा चढवला होता, आणि जुना काढला नव्हता. केव्हा? मी शाळेत असेन, वडील कचेरीत असतील. बारीक, सारख्या अंतराचे टाके होते. यात उंदीर नव्हते की मधमाश्या नव्हत्या.

नेवाशाच्या उत्खननात साडेतीन हजार वर्षांच्या आतबाहेरच्या वस्तीतली मुलांची दफने सापडली. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि मणी ओवलेल्या दोऱ्याचे धागे तांब्याच्या गंजामुळे टिकून राहिले होते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला तीच रीत होती. १९६८ ते १९८३ अशी बरीच वर्षे डेक्कन कॉलेजने ते गाव खणले. तिथे लहान मुलाला दोन रांजणांत ठेवीत, रांजणांची तोंडे एकमेकांना भिडवीत, आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत. वर पुन्हा सारवण. त्यावरच चूल, त्यावरच दळण, निजणे. वर्गात हे सांगताना मी 'अघोरी' हा शब्द वापरल्याचे मला स्मरते. त्या घरातल्या बाईला जागा ठाऊक होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

उशी मी सौ.च्या हाती दिली. तिने उसवलेली कड पाहिली, काही न बोलता सुई-दोरा आणला आणि दिव्याखाली बसून ती शिवली. मग विचारले, "त्यांचं नाव काय ठेवलं होतं हो?"

मला ठाऊक नव्हते. मी त्याच रात्री आत्याला फोन केला. पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मला वाटले, फोन बंद पडला.

"बारशाचं काहीतरी चांगलं नाव होतं रे," आत्या म्हणाली, "वहिनीनंच सुचवलेलं. पण आम्ही सगळी छकुलीच म्हणायचो."

पांगा या सैदीच्या त्या मुलालाही संशोधकांनी 'म्टोटो' म्हटले आहे. स्वाहिली भाषेत म्टोटो म्हणजे नुसते मूल.