कच्च्या लायसनवाल्यांना आत घ्या

कच्चं लायसन असलेल्या माणसाला ऑफ-रोडिंगच्या ट्रॅकवर गाडी घालू द्यायची नाही, हे मत मी आमच्या मंडळींत इतकी वर्षं आणि इतक्या चढ्या आवाजात मांडत आलोय, की ते बदललं हेही चारचौघांतच सांगायला हवं. काहींना कुणकुण आधीच लागली आहे. परवा एका तरुण मित्राने विचारलंच, "काका, तुम्हीपण पलटी मारली?" आमच्या छंदात पलटी हा शब्द जरा जपून उच्चारतात. पण हो, मारली.

मी मार्शल म्हणून उभा राहतो. म्हणजे चढाच्या माथ्यावर किंवा ओढ्याच्या काठी, अंगात चमकतं जॅकेट, गळ्यात शिट्टी, आणि समोरच्या चालकाला हातांनी डावं-उजवं दाखवायचं. पुण्या-मुंबईकडच्या फोर बाय फोरवाल्यांचे असे दिवस मावळात, मुळशीत, कर्जतच्या बाजूला कुणाच्या तरी पड जमिनीवर भरतात. शर्यत नसते, घड्याळ लावलेलं नसतं. गाडी लो रेंजमध्ये टाकायची, चढायचं, उतरायचं, ओढा ओलांडायचा, रुतलं तर दुसऱ्याने ओढून काढायचं, आणि दुपारी पिठलं-भाकरी. गोव्यात 2014पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते ती चीज वेगळी. तिथे विंच लावून गाड्या चिखलातून आणि दरडींवरून ओढतात, वेळ मोजतात आणि उतरणारे लोक मुरलेले असतात. तिथे शिकाऊ माणसाचं काम नाही, हे माझं मत आजही कायम आहे.

आमच्या साध्या दिवसांनाही माझा विरोध होता आणि तो हवेतला नव्हता. पावणेदोन टनांची गाडी उतारावर आडवी झाली तर खाली उभा असलेला मार्शल म्हणजे मीच असतो. त्यातून 2020च्या ऑक्टोबरात नवी थार आली, ऑटोमॅटिकसुद्धा आली, 2023मध्ये जिम्नी आली, आणि आमच्याकडे गर्दी वाढली. त्याआधी जिप्सी किंवा एमएम 540 पाळणारा माणूस अर्धा मेकॅनिक असायचा. गाडीच त्याला तसा करून सोडायची. आता शोरूममधून हार घातलेली गाडी पुढच्या रविवारी थेट चिखलात. यांना आवरतानाच नाकी नऊ येतात, वर शिकाऊ कशाला, असा माझा हिशेब होता.

हाताशी आणखी एक हत्यार होतं, विम्याचं. कुणी कच्च्या लायसनवाल्याची शिफारस घेऊन आला की मी म्हणायचो, काही झालं तर कंपनी एक रुपया देणार नाही. समोरचा गप्प बसायचा. पॉलिसीचा कागद शेवटपर्यंत वाचलेला माणूस आपल्याकडे दुर्मीळच, आणि मीही त्यातलाच होतो. स्वतःच्या गाडीचं नूतनीकरण करताना एकदा तो निवांत वाचला. खासगी गाडीच्या पॉलिसीत चालकाबद्दलचं जे कलम असतं, त्यात सरळ लिहिलेलं आहे की शिकाऊ परवाना असलेली व्यक्तीही गाडी चालवू शकते, फक्त तिने केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 3 पाळलेला असावा. वापराच्या मर्यादांमध्ये मात्र दुसऱ्याच गोष्टी वगळलेल्या: संघटित शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल. म्हणजे विमा कंपनीला कच्च्या लायसनचं वावडं नव्हतं, स्पर्धेचं होतं. आणि "बघू, कोण आधी चढतो" म्हणून पैजा लावणारे आमच्यातले सगळे पक्क्या लायसनचे!

नियम 3 काही मोठा नाही. शेजारी पक्का परवाना असलेली, शिकवणारी व्यक्ती हवी, आणि ती गाडीवर ताबा घेऊ शकेल किंवा गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेली हवी. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल हवा. पाटी 18 सेंटिमीटर चौरसाहून लहान नको, अक्षर निदान 10 सेंटिमीटर उंच हवं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, घरच्या गाडीत नसतो. पण जुन्या जीपमध्ये, जिप्सीत, बऱ्याचशा थारमध्ये हँडब्रेकचा दांडा दोघांच्या मधोमध असतो, आणि चालण्याच्या वेगाने सरकणारी गाडी त्याने थांबते. नव्या गाड्यांत त्याच्या जागी बटण आलंय, तिथे मी शिकाऊ माणसाला अजूनही नको म्हणतो.

यावर एक युक्तिवाद नेहमी होतो: जमीन खासगी आहे, मग आत परवाना लागतोच कशाला? मोटार वाहन कायद्याचं 3 नंबरचं कलम सार्वजनिक जागेबद्दल बोलतं, हे खरं. पण सार्वजनिक जागा कशाला म्हणायचं, याचा अर्थ न्यायालयांनी बराच सैल लावलेला आहे, आणि फी घेऊन, जाहिरात करून पन्नास गाड्या बोलावल्यावर "आमचं खासगी शेत आहे" हे कोणत्या तोंडाने सांगणार? तेव्हा फाटकाच्या आतही बाहेरचाच नियम, असं समजून चालावं.

कागदाने माझा विरोध ढिला केला, पण मत बदललं ते गाड्या बघून. ट्रॅकवर अडकतं कोण, हे मी पूर्वी नीट पाहिलंच नव्हतं. रुतलेली गाडी दिसायची, ओढून काढायची, पुढचा. नंतर लक्षात यायला लागलं की बहुतेक वेळा अडचण हाताला असलेल्या सवयीची असते. रस्त्यावर वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाचा पाय उतार आला की आपोआप क्लचवर जातो. डांबरावर ते खपून जातं. मुरमाच्या उतारावर क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते, गाडी मोकळी होते, मग घाबरून ब्रेक, चाकं जाम, आणि गाडी घसरत आडवी व्हायला लागते. स्टिअरिंगच्या आऱ्यांत अंगठे अडकवून धरायचे नाहीत, दगडाला चाक आपटलं की स्टिअरिंग फिरतं आणि अंगठा मोडतो, हे सकाळी सगळ्यांना सांगतो. दहा मिनिटांत अर्ध्यांचे अंगठे पुन्हा आत. चिखल दिसला की ॲक्सिलरेटर, ही तर राष्ट्रीय सवय आहे. 2024 संपता संपता रेवदंड्याच्या किनाऱ्यावर फेरारी वाळूत रुतली आणि बैलगाडीने ती ओढून काढली, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. आमच्याकडे फेरारी येत नाही एवढाच फरक.

आणि मग त्या काकू. काकू मीच म्हणतो, वयाने माझ्याच आसपासच्या असतील. नवरा आमच्या जुन्या मंडळींतला. त्या इतकी वर्षं डब्याची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसायच्या. मुलं परदेशी गेल्यावर त्यांनी गाडी शिकायला घेतली होती, कच्चं लायसन हातात होतं, आणि त्या दिवशी मुख्य आयोजकाने मला न विचारता त्यांना सोपा ट्रॅक दिला. मी खालून चडफडत होतो. 'शिकाऊ' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कायम गॉगल लावलेला अठरा वर्षांचा पोरगा असायचा. चष्मा सावरत सीट पुढे ओढून घेणारी बाई कधी आलीच नव्हती.

चढाच्या मध्यावर गाडी बंद पडली. ही खरी परीक्षेची जागा. इथे बहुतेकांचा पाय क्लचवर जातो, गाडी मागे सुटते, चालक घाबरून स्टिअरिंग फिरवतो, आणि उतारावर आडवी झालेली गाडी कोलमडायला वेळ लागत नाही. काकूंनी पायाचा ब्रेक दाबला तो दाबलाच. हँडब्रेक ओढला. आणि काच खाली करून मला विचारलं, "दादा, आता काय करू?" मी सांगत गेलो, त्या करत गेल्या. ब्रेकवरचा पाय हलवायचा नाही. क्लच दाबा, रिव्हर्स टाका. आता क्लच पूर्ण सोडा, ब्रेक तसाच. हँडब्रेक खाली. चाकं सरळ आहेत? आता चावी फिरवा आणि ब्रेकवरचा पाय अगदी हळू उचला. गाडी इंजिनाच्या जोरावर धरल्यासारखी सरळ रेषेत मागे उतरली. शेजारी बसलेल्या नवऱ्याने एक शब्द काढला नाही, ही त्या दिवसाची दुसरी मोठी गोष्ट. खाली आल्यावर काकू गाडीतून उतरल्या, चढ पायी चढून आल्या, डावीकडची चर वाकून पाहिली, आणि पुन्हा बसून चढवली. चढ चालून बघा म्हणून मी अनुभवी लोकांच्या मागे लागतो, तेव्हा ते "दिसतंय की इथून" म्हणतात.

त्या एकाच बाईवरून मी निष्कर्ष काढला असं कुणी म्हणेल. नाही, त्यानंतर मी शिकाऊंना मुद्दाम सोप्या ट्रॅकवर घ्यायला सांगितलं आणि बघत राहिलो. काही घाबरट निघाले, काहींनी मध्येच चावी शेजारच्याच्या हातात दिली, एकजण खूपच हुशार होता आणि त्याला मी दुपारीच थांबवलं. पण एकंदरीत सांगितलेलं ऐकणं आणि न कळल्यास थांबणं, या दोन गोष्टी त्यांच्यात मला जास्त दिसल्या. तांत्रिक कारणही आहे. लो रेंजमध्ये चाकांवर येणारा जोर दोन-अडीच पट होतो आणि वेग तेवढाच घटतो. पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, डिझेल गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू सरकत राहते. पुण्यात चांदणी चौकाच्या चढावर मागे पीएमपीची बस हॉर्न देत असताना क्लच शिकायचा, की मोकळ्या रानात, गाडी सहसा बंद पडत नाही अशा गिअरमध्ये? 2021पासून आपल्याकडे शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या देता येते. नंतरचे तीस दिवस थांबलं की पक्क्याची चाचणी. मधल्या काळात गाडीचं वजन, चाकाखालची पकड, उतारावरची ओढ यांची ओळख कुठे होणार?

इथे मी जरा थबकतो, कारण माझ्या नव्या मताच्या विरोधातला पुरावा चांगला भक्कम आहे. नॉर्वेत 1979 साली नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावरचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. अपघात कमी व्हावेत हा हेतू. नंतर तपासलं तेव्हा तरुण पुरुषांचे अपघात उलट वाढलेले निघाले. स्वीडनमध्ये निल्स पेटर ग्रेगरसन यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर शिकाऊ चालकांवरच होता. एका गटाला घसरणाऱ्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचं कसब शिकवलं, दुसऱ्याला तिथे आपलं कसब किती अपुरं पडतं ते अनुभवायला लावलं. आठवड्याने दोन्ही गटांचं प्रत्यक्ष कसब सारखंच भरलं, पण पहिल्या गटाला आपण फार तयार झालो असं वाटत होतं. माझ्या ट्रॅकवर वीस वर्षांच्या अनुभवाने जे होतं, ते तिथे अर्ध्या तासाच्या शिकवणीने झालं.

म्हणून शिकाऊंना आत घ्या म्हणताना मी अटी घालतो, आणि त्या सोडायला तयार नाही. प्रमाणपत्र द्यायचं नाही. पदक, चषक, "उत्कृष्ट नवचालक" असला प्रकार तर अजिबात नाही. वेळ मोजायची नाही. त्यांच्या ट्रॅकवर खोल पाणी नको, बाजूला दरी नको. गाडी रुतली तर शिकाऊने स्टिअरिंगवरून उठायचं, रिकव्हरी दुसरे करतील. ताणलेल्या दोरापासून तो दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभा राहील. आणि प्रत्येकाला एकदा तरी मुद्दाम अशा जागी न्यायचं जिथून त्याची गाडी चढणारच नाही, आणि सुरक्षित मागे यायला लावायचं. माघार घेता येणं हे शिकवायचंच असेल तर ते असं. कुणी म्हणेल यात मजा काय उरली? मजा करायला पक्क्या लायसनवाले आहेत की.

सतरा वर्षांच्या चिरंजीवांना "जरा एक चक्कर मारू दे हो" म्हणून घेऊन येणाऱ्या वडिलांबद्दल माझं मत तसूभर हललेलं नाही. चारचाकीचं कच्चं लायसनही अठरा पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. 2019च्या दुरुस्तीने आलेल्या 199-अ कलमात पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे. त्यांनी मुलाला भुईमुगाच्या शेंगा खायला घालाव्यात आणि स्वतः गाडी चालवावी.

या पावसाळ्यात दिवस ठरवणाऱ्या आयोजकांना माझी विनंती आहे: सकाळचा एक तास आणि एक सोपा ट्रॅक शिकाऊंसाठी वेगळा ठेवा, त्यावर तुमचा सर्वांत शांत डोक्याचा मार्शल लावा, आणि विमा कंपनीकडून आपला कार्यक्रम कोणत्या सदरात मोडतो ते लेखी मागून घ्या. यायचं मनात असलेल्या शिकाऊंनी नाव नोंदवताना कच्चं लायसन आहे हे स्पष्ट लिहावं, शेजारी कोण बसणार त्याच्या पक्क्या परवान्याची प्रत जोडावी, गाडीला पुढे-मागे टो-हुक असल्याची खात्री करावी आणि एलच्या दोन्ही पाट्या घट्ट लावाव्यात. चिकटपट्टीने लावलेल्या पहिल्याच ओढ्यात वाहून जातात.