माझा बीच, तुझा बीच

मालिबूला जाताय? मग कानात ‘सर्फ पंक्स’ हवेतच! १९७६ मध्ये इथेच डेनिस ड्रॅगन आणि ड्रू स्टीलने काढलेला हा धमाल पंक बँड. १९८०च्या ‘माय बीच’ अल्बममध्ये डोंगरापलीकडच्या व्हॅलीतून येणाऱ्या पोरांना सरळ दम: किनारा आमचा, फुटा! स्थानिकांच्या मिजाशीची फुल टू खिल्ली.

तरी सर्फरायडर बीचवर मी बिचकतच उतरले. बोर्ड भाड्याचा, पोहणं विहिरीतलं. पहिल्याच लाटेने आडवी केली. वाहून चाललेला बोर्ड एका पिकल्या केसांच्या सर्फरने आणून दिला.

‘व्हॅलीतून आलीस?’

‘पुण्याहून.’

‘मग माफ!’

कॅलिफोर्नियात भरतीच्या रेषेखालची ओली वाळू कायद्याने सगळ्यांची. कोट्यवधींच्या बंगल्यांसमोर मी त्या वाळूवर ऐटीत फतकल मारली. माझा बीच!